मुलांचा मेंदूज्वर : ताप येण्याआधी काय काय घडलेलं असतं?

श्रवणा (धागा)

मी श्रवण आणि वाचा या क्षेत्रात काम करते. ऐकू न येणारं मूल पहिल्यांदा आमच्याकडे आलं की बराच वेळ नुसती माहिती लिहून घेण्यात जातो. बाळंतपण कसं झालं, वजन किती होतं, कावीळ झाली होती का, पेटीत ठेवलं होतं का. त्यात एक उत्तर वारंवार येतं, "आधी छान ऐकायचा हो, मेंदूज्वर झाला आणि सगळं गेलं." काही मुलं तोवर चार शब्द बोलायला लागलेली असतात. आजारानंतर हळूहळू तेही शब्द विरतात, कारण स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही.

पुढे मी पालकांना तापाच्या आधीचे काही महिने विचारते. घरात कुणाला जुना खोकला होता का? मुलाचा कान वाहायचा का? लसीचं कार्ड कुठवर भरलंय? मूल दिवस भरायच्या आधी झालं होतं का? डोक्याला कधी मोठा मार लागला होता का? यातलं काही ना काही बऱ्याचदा निघतं. पालकांनी मात्र त्याचा आजाराशी संबंध जोडलेला नसतो, आणि तसं त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं. आजूबाजूचे सगळे "नशीब" म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. सगळा मेंदूज्वर टाळता येत नाही हे खरं, पण कोणत्या मुलाला धोका जास्त आहे हे बऱ्याच वेळा आधीच दिसत असतं.

थोडी पार्श्वभूमी देते. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणं असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी असतं. त्या आवरणांना जंतूंमुळे सूज येते तो मेनिंजायटिस, म्हणजेच मेंदूज्वर. विषाणूंमुळे होणारा बहुतेक वेळा सौम्य असतो. जिवाणूंमुळे होणारा काही तासांत मुलाला अत्यवस्थ करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जिवाणूजन्य मेंदूज्वर झालेल्या सहांपैकी एक रुग्ण दगावतो, आणि पाचांपैकी एकाच्या मागे बहिरेपण, फिट्स, हातापायांतली कमजोरी असं काहीतरी कायमचं राहतं. दोन महिन्यांच्या वरच्या मुलांत मुख्य जंतू तीन : न्यूमोकोकस, हिब आणि मेनिंगोकोकस. गंमत म्हणजे हे तिन्ही जंतू धडधाकट माणसांच्या नाका-घशात मुक्कामाला असतात आणि त्यांना काहीही करत नाहीत. मग एखाद्याच मुलात ते रक्तात आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत का पोचतात? या धाग्यात मला तेवढंच बोलायचंय.

इथे बालरोगतज्ज्ञ आहेत, आरोग्य खात्यात काम करणारे आहेत, यातून गेलेले पालकही असतील. लिहा. रुग्णालयाचं किंवा डॉक्टरांचं नाव घेऊन तक्रार नको, त्यासाठी ही जागा नाही.

---

बालवैद्य

चांगला धागा. मी वयापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा धोका तोच आहे. पाच वर्षांखाली धोका जास्त, त्यातही पहिल्या वर्षात, आणि सर्वांत जास्त पहिल्या महिन्यात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते. या जंतूंभोवती साखरेच्या रेणूंचं कवच असतं, आणि त्या कवचाविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार करायला दोन वर्षांखालच्या मुलाचं शरीर अजून शिकलेलं नसतं. नव्या लसींमध्ये हे कवच एका प्रथिनाला जोडून देतात ते याचसाठी. तसं केलं की तान्ह्या बाळालाही प्रतिकारशक्ती तयार करता येते.

नवजात बाळाचं गणित वेगळं आहे. तिथे वरचे तीन जंतू बहुधा नसतात. आपल्याकडे क्लेब्सिएला, ई. कोलाय, असिनेटोबॅक्टर असे आतड्यातले किंवा रुग्णालयातले जंतू जास्त दिसतात. कोणत्या बाळाला धोका आहे हे बाळंतपणाच्या कागदावरच लिहिलेलं असतं. पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त वेळ गेला होता का, कळा चालू असताना आईला ताप होता का, पाण्याला घाण वास होता का, आतून तपासणी पुन्हा पुन्हा झाली का, बाळ दिवस भरायच्या आधी झालं का, वजन दीड किलोच्या खाली होतं का, जन्मल्यावर श्वास देऊन जगवावं लागलं का. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर ते बाळ घरी गेल्यावरही डोळ्यांत तेल घालून बघायचं.

आणि एक गोष्ट कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. तान्ह्या बाळाची मान बहुधा ताठ होत नाही. कित्येकदा तापही येत नाही, उलट अंग गार पडतं. दूध ओढेनासं होणं, मलूल पडणं, वेगळ्याच तीक्ष्ण सुरात रडणं, उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी जास्त किरकिरणं, टाळू फुगलेली दिसणं, ही त्याची लक्षणं. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही. थेट दवाखाना, रात्री दोन वाजता असला तरी.

---

सुमनकाकू

टाळूबद्दल लिहिलंत ते बरं केलंत डॉक्टर. आमच्या पिढीत बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईला टाळू रोज हाताला लागायची. तेल भरता भरता ती सांगायची, "आज टाळू वर आलीय" किंवा "खोल गेलीय." बाळ रडत नसताना, उभं धरलेलं असताना टाळू वर आलेली असेल तर तिचं ऐकायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

पण त्याच बाया बाळाच्या नाकाकानात तेलही सोडायच्या, नाळेला हळद नाहीतर राख लावायच्या, पहिल्या दिवशी मध चाटवायच्या. माझ्या सुनेच्या वेळी मी हे सगळं बंद केलं. जावेने खूप नावं ठेवली. नाळेला काहीच लावायचं नाही, कोरडी ठेवायची, हे बरोबर ना?

---

बालवैद्य

काकू, अगदी बरोबर. नाळ कोरडी ठेवायची, पहिल्या तासात आईचं दूध, आणि मध-गुटी काही नाही. पहिल्या चिकात जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळत नाही. ज्या बाळांना काही कारणाने पावडरचं दूध द्यावं लागतं त्यांच्यासाठी एक सूचना : ती पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू क्वचित सापडतो आणि तो दोन महिन्यांखालच्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मेंदूज्वर करू शकतो. म्हणून पाणी उकळायचं, ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत त्यात पावडर कालवायची, मग पाजण्याइतकं गार करायचं. आधी करून ठेवलेलं दूध पुन्हा वापरायचं नाही.

---

अनिकेत_कोप

आमची मुलगी आठव्या महिन्यात झाली. पाणी आदल्या दिवशी सकाळी गेलं होतं. घरी आणल्यावर दुसऱ्या आठवड्यात ती दूध प्यायची थांबली, ताप अजिबात नव्हता. आशाताई ठरलेल्या भेटीला आल्या होत्या, त्यांनी बाळाला उघडं करून बघितलं, तळपाय हातात धरले आणि "आत्ता निघा" म्हणाल्या. आम्ही तिला झोपाळू समजत होतो.

रुग्णालयात पाठीतलं पाणी तपासायचं म्हणाले तेव्हा माझ्या वडिलांनी साफ नकार दिला. "पाठीत सुई घातली की पोर अधू होतं" असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. तिथल्या निवासी डॉक्टर बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मुलगी आता शाळेत जाते, ऐकणं-बोलणं व्यवस्थित आहे. त्या पाण्याच्या तपासणीबद्दल कुणीतरी इथे नीट लिहा, कारण त्या अर्ध्या तासात आमचा निर्णय उलटा झाला असता.

---

बालवैद्य

अनिकेत, तुमच्या आशाताईंना माझा नमस्कार सांगा.

मज्जारज्जू पाठीच्या कण्यात शेवटपर्यंत जात नाही, तो कमरेच्या वरच संपतो. नवजात बाळात तो मोठ्यांपेक्षा थोडा खालपर्यंत असतो, म्हणून सुई आणखी खाली, कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये घालतात. तिथे फक्त पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या नसा असतात. मूल अधू होतं ते उपचार उशिरा झालेल्या मेंदूज्वरामुळे. पाणी काढलेलं असतं आणि मूलही अधू झालेलं असतं, म्हणून लोक दोन्हींची सांगड घालतात. त्या पाण्यावरून कळतं की जंतू कोणता, औषध कोणतं आणि किती दिवस द्यायचं. मेंदूवरचा दाब फार वाढलेला असेल किंवा मूल फार अत्यवस्थ असेल तर आम्ही स्वतःच थांबतो, पण औषध आधी सुरू करतो.

---

रानवाट

आशाताईंचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यात काम केलंय. बाळाच्या घरी जाऊन तपासण्याची ही पद्धत ज्या कामातून देशभर गेली ते काम तिथलंच, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं. गावातल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला शिकवलं आणि गरज पडली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन घरीच द्यायला शिकवलं. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या गावांमधले नवजात बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशा कार्यकर्तीने ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचं असतं. शहरात पुष्कळ घरांतून "आमचे डॉक्टर आहेत" म्हणून तिला दारातूनच परत पाठवतात. पाठवू नका.

दुसरं, सिकलसेल. विदर्भाचा पूर्व भाग, नंदुरबार, पालघरच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे. या मुलांची प्लीहा पहिल्या काही वर्षांतच आतून निकामी होत जाते. न्यूमोकोकस, हिब यांसारखे कवचधारी जंतू रक्तातून गाळण्याचं काम प्लीहेचं असतं. ती गेली की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून पाच वर्षांचं होईपर्यंत रोज पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस. पालकांना सिकलसेल म्हटलं की सांधेदुखी आणि रक्त चढवणं एवढंच माहीत असतं. ताप आल्यावर धावायचं असतं हे त्यांना आवर्जून सांगावं लागतं. थॅलेसेमियासाठी किंवा अपघातानंतर प्लीहा काढलेल्या मुलांनाही हेच लागू.

---

मीनल_ठाणे

टीबीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या मामेभावाच्या दोन वर्षांच्या मुलाला तो झाला. जवळजवळ तीन आठवडे अंगात बारीक ताप, खाणं बंद, चिडचिड, वजन घटलेलं. एकाने दात येतायत म्हटलं, दुसऱ्याने जंताचं औषध दिलं, तिसऱ्याने प्रतिजैविक बदललं. मग उलट्या सुरू झाल्या, डोळा तिरळा झाला आणि फिट आली. मुलाच्या आजोबांना दोन महिन्यांपूर्वीच टीबीचं निदान होऊन औषध सुरू झालं होतं. आजोबा-नातू एकाच खाटेवर झोपायचे. घरात कुणालाच वाटलं नाही की मुलाला तपासायला न्यायला हवं. माझा प्रश्न एवढाच : त्या वेळी काय करता आलं असतं?

---

बालवैद्य

मीनल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण या धाग्यातलं सगळ्यात टाळता येण्यासारखं दुःख हेच आहे.

लहान मूल टीबी बाहेरून क्वचितच आणतं. बहुतेक वेळा तो त्याला कवेत घेणाऱ्या मोठ्या माणसाकडून येतो. आजोबा, आई, घरात राहायला आलेला काका, सांभाळायला येणाऱ्या मावशी. पाच वर्षांखालच्या मुलात, त्यातही दोन वर्षांखाली, जंतू फुप्फुसात शिरल्यानंतर तिथे आवर घातला जात नाही. तो रक्तातून पसरतो, मेंदूच्या आवरणावर बारीक गाठी करतो आणि त्यातली एखादी फुटली की मेंदूज्वर. हे सगळं बहुधा लागण झाल्यावर काही महिन्यांतच घडतं. कुपोषण, नुकताच होऊन गेलेला गोवर, एचआयव्ही, दीर्घकाळ चालू असलेलं स्टिरॉइड यांनी धोका आणखी वाढतो.

आता काय करता आलं असतं. घरातल्या कुणाचंही टीबीचं निदान झालं की घरातल्या सगळ्यांची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध देतात. आयसोनियाझिड, वजनाप्रमाणे रोज, सहा महिने. त्वचेची चाचणी काय आली यावर ते अवलंबून नसतं. हे औषध राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात मोफत आहे. आता पाच वर्षांवरच्या घरच्या माणसांनाही प्रतिबंधक उपचार देतात. खाजगी डॉक्टरांकडे निदान झालं तरी त्याची सरकारी नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि त्या नोंदीवरूनच आरोग्य कर्मचारी घरी येतात. अडचण अशी की लोक टीबी लपवतात. सुनेला कळू नये, शेजारी कळू नये. त्या लपवण्याची किंमत घरातलं सगळ्यात लहान माणूस भरतं.

सुरू झालेला आजार लवकर ओळखायचा तर दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला, आणि वजन वाढायचं थांबलेलं किंवा घटणारं, एवढं पुरे आहे. "घरात कुणाला टीबी आहे का" हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा. तुमच्या भाच्याचं औषध वर्षभर चालेल. ते मध्येच सोडू नका, तो बरा दिसायला लागला तरी.

---

मीनल_ठाणे

डॉक्टर, मनापासून आभार. त्याची चार महिन्यांची बहीणही आहे. तिला कुणी तपासलेलं नाही. उद्याच फोन करते.

---

बालवैद्य

उद्या नको, आज करा. आजोबांचे कागद सोबत न्यायला सांगा.

---

संभाजी_बार्शी

आमच्या भागाचं सांगतो. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडचे कोयते कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली असते, त्यामुळे पोरं मागं ठेवायला कुणी नसंल तर संगं. उसाच्या पाचटाच्या कोपीत सहा-सात माणसं झोपत्यात, तिथंच चूल, तिथंच धूर. गावी राहिलेलं लसीचं कार्ड पेटीत. सहा आठवड्यांचा डोस गावात झाला असला तर दहा आणि चौदा आठवड्यांचा कारखान्यावर असताना येतो. बाई पहाटं चारला फडात जाती, ती कुठं जाणार डोस द्यायला?

मी एका साखर शाळेत काही हंगाम शिकवत होतो. आमच्याकडं एक पोरगं मेंदूतल्या तापानं गेलं. त्याला एकच डोस झालेला होता. आईला माहीतच नव्हतं की दुसऱ्या जिल्ह्यात पण डोस मिळतो.

---

श्रवणा

संभाजीदादा, हे लिहिल्याबद्दल आभार. तुम्ही जे सांगितलंत त्यात गर्दी, धूर आणि अपुरी लस असे तीन धोके एकाच कोपीत आहेत. एका खोलीत जास्त माणसं झोपली की नाका-घशातले जंतू एकमेकांकडे जातात. चुलीच्या आणि विडी-सिगारेटच्या धुराने नाका-घशाचं अस्तर दुखावतं आणि जंतूंना आत शिरायला सोपं जातं. मुंबई-पुण्यातल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतही वेगळं काही नाही.

लसीचं मात्र सांगायलाच हवं. लस कुठल्याही सरकारी केंद्रात, कुठल्याही जिल्ह्यात, कुठल्याही राज्यात मोफत मिळते. कार्ड सोबत ठेवायचं, निदान मोबाइलमध्ये त्याचा फोटो. कार्ड हरवलं म्हणून कुणी परत पाठवता कामा नये. हिबची लस पाच आजारांवरच्या पंचगुणी लसीत आहे, ६, १० आणि १४ आठवड्यांना. न्यूमोकोकसची लस, म्हणजे पीसीव्ही, ६ आणि १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना. पंचगुणी लस २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली आणि २०१५ पर्यंत देशभर गेली. पीसीव्ही मात्र पूर्ण देशात २०२१ मध्ये आली. त्याआधी बहुतेक राज्यांत ती खाजगीत हजारो रुपये मोजून घ्यावी लागायची. त्यामुळे २०२१ च्या आधी जन्मलेल्या कित्येक मुलांना ती मिळालेलीच नाही, आणि त्यांच्यातल्या धोक्यातल्या मुलांचा वेगळा विचार करावा लागतो.

---

कानोसा

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. "कान फुटलाय, वयात आलं की जाईल" हे वाक्य मी रोज ऐकतो. मोठ्या मुलांत मेंदूज्वर कानातूनही येऊ शकतो हे लोकांना माहीत नाही. कानाच्या मागचं हाड आणि मेंदूचं आवरण यांत काही ठिकाणी कागदाइतकं पातळ हाड असतं. एका प्रकारात कानाच्या पडद्यामागे कातडीचा पुंजका वाढत जातो आणि हाड झिजवतो. त्यात स्राव थोडाच असतो, पण वास फार घाण. असा घाण वास असलेला वाहणारा कान कधीही थेंबांवर सोडायचा नाही. कान वाहणाऱ्या मुलाला डोकेदुखी, उलट्या, ताप, कानामागे सूज किंवा तोंड एका बाजूला वाकडं झालेलं दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात.

आणखी एक. ज्या मुलाला मेंदूज्वर दुसऱ्यांदा होतो त्याच्यात कुठेतरी गळती असते असं धरूनच आम्ही शोधतो. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाचं हाड तडकलेलं असतं आणि मूल खाली वाकलं की एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी ठिबकतं. घरचे त्याला सर्दी म्हणतात. अपघातानंतर अशी एका बाजूची 'सर्दी' लागली तर दाखवा. काही मुलांच्या आतल्या कानाची घडणच जन्मतः सदोष असते, एका कानाने आधीपासून ऐकू येत नसतं आणि तिथूनच मार्ग मिळतो. काहींच्या पाठीवर, ढुंगणाच्या फटीच्या वरच्या बाजूला, बारीक छिद्र किंवा केसांचा पुंजका असतो. ते छिद्र आत मज्जारज्जूपर्यंत गेलेलं असू शकतं. बाळाला आंघोळ घालताना पाठ बघणं एवढं सोपं काम आहे ते.

श्रवणाताई, आतल्या कानात बसवतात त्या कॉक्लियर इम्प्लांटबद्दल तुम्ही लिहा.

---

श्रवणा

लिहिते. मेंदूज्वराने ऐकू येणं गेलं की आतल्या कानातल्या गोगलगायीसारख्या शंखात सूज येऊन तिथे हळूहळू हाड भरायला लागतं. ते काही आठवड्यांतच सुरू होऊ शकतं. एकदा हाड भरलं की इलेक्ट्रोड आत सरकत नाही. म्हणून मेंदूज्वरातून बऱ्या झालेल्या प्रत्येक मुलाची बेरा तपासणी, म्हणजे ऐकू येतं का ते बघणारी तपासणी, घरी सोडण्यापूर्वी किंवा चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. "मूल आधी चालायला लागू दे, मग बघू" यात वेळ जातो आणि तो परत मिळत नाही. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारी अ‍ॅडिप योजनेतून गरजू कुटुंबांना इम्प्लांटसाठी मदत मिळते.

आता उलट बाजू. इम्प्लांट बसवलेल्या मुलाला न्यूमोकोकल मेंदूज्वराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. २००२ मध्ये हे लक्षात आलं, विशेषतः इलेक्ट्रोडसोबत आधाराचा तुकडा बसवणाऱ्या एका प्रकारात. तो प्रकार तेव्हा बाजारातून काढून घेतला गेला. तरीही नियम सगळ्यांनाच : शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी न्यूमोकोकसची लस पूर्ण, आणि इम्प्लांटच्या बाजूचा कान दुखला तरी लगेच डॉक्टर.

---

हरमट्टन

मी नायजेरियात नोकरीला आहे, कानोजवळ. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेत 'मेनिंजायटिस पट्टा' म्हणतात तो इथूनच जातो. डिसेंबरपासून सहारातून कोरडा, धुळीने भरलेला वारा येतो, नाक-घसा सुकून भेगाळतो, रात्री थंडीमुळे माणसं एकत्र दाटीने झोपतात. पावसाळा लागला की साथ थांबते. १९९६-९७ च्या साथीत या पट्ट्यात अडीच लाखांच्या वर रुग्ण आणि २५ हजार मृत्यू झाले होते.

तुम्हाला अभिमान वाटेल अशी गोष्ट सांगतो. 'ए' गटाच्या मेनिंगोकोकसवरची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत, आणि २०१० मध्ये ती बुर्किना फासो, माली आणि नायजर इथे सुरू झाली. त्या गटाच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या. नंतर इतर गट डोकं वर काढायला लागले म्हणून पाच गटांवरची लस आली, तीही पुण्याचीच. ती २०२४ मध्ये सर्वांत आधी नायजेरियात वापरली गेली. इथल्या आया उन्हात रांगेत उभ्या राहून मुलांना ती देतात, कारण प्रत्येकीच्या ओळखीत कुणीतरी गेलेलं असतं.

---

सुमनकाकू

माझी नात वसतिगृहात राहायला जाणार आहे, परदेशात. तिथल्या कॉलेजने या लसीचा दाखला मागितलाय. भारतात सगळ्यांना का देत नाहीत मग? आणि ते चांदीपुरा म्हणतात ते हेच का?

---

बालवैद्य

काकू, मेनिंगोकोकस आपल्याकडे अधूनमधून साथ करतो. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये झाली, मेघालय-त्रिपुरात २००८-०९ मध्ये. एरवी प्रमाण कमी असल्यामुळे ही लस सरसकट नाही. वसतिगृह, लष्करी प्रशिक्षण, हजयात्रा, प्लीहा नसणं किंवा रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांची कमतरता असेल तर द्यायची. नातीला जाण्याच्या दोन-तीन आठवडे आधी द्या. या जंतूचा रुग्ण घरात किंवा खोलीत निघाला तर सोबत राहणाऱ्यांनीही प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतात. तापासोबत लालसर-जांभळे ठिपके आले आणि काचेचा पेला दाबूनही ते फिके पडले नाहीत तर क्षणही घालवायचा नाही. सावळ्या रंगावर ते पटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू बघा.

चांदीपुरा वेगळा. तो विषाणू १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या त्या गावात सापडला, वाळूमाशीतून पसरतो आणि आवरणाऐवजी थेट मेंदूवर घाला घालतो.

---

अनिकेत_कोप

एक शंका. मुलीच्या दंडावर बीसीजीची खूण उठलेली नाही. कार्डावर नोंद आहे. टीबीचं वाचून काळजी वाटायला लागली. पुन्हा द्यायची का? आणि शेजारच्या मुलाला किडनीच्या आजारासाठी स्टिरॉइड चालू आहे, अंगाला सूज येते, त्याच्या आईला काही सांगू का?

---

बालवैद्य

खूण नसली तरी नोंद असेल तर पुन्हा देत नाहीत. खूण न उठणं म्हणजे लस लागू पडली नाही असं नव्हे. बीसीजी टीबीची लागण पूर्ण थांबवत नाही, पण लहान मुलांतला मेंदूज्वर आणि सर्वांगात पसरणारा टीबी यांपासून चांगलं संरक्षण देते.

शेजारच्या ताईंना जरूर सांगा. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये, म्हणजे बहुधा त्या मुलाच्या किडनीच्या आजारात, लघवीवाटे संरक्षक प्रथिनं वाहून जातात आणि स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती आणखी दबते, त्यामुळे न्यूमोकोकसचा धोका वाढतो. पीसीव्ही झाली आहे का ते कार्डात बघायला सांगा. दोन वर्षांच्या वरचं मूल असेल तर २३ प्रकारांवरची दुसरी न्यूमोकोकस लसही लागते. ती सूज ओसरल्यावर, स्टिरॉइडचा डोस कमी असताना देतात. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र जास्त डोस चालू असताना देत नाहीत. वेळ कधीची ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. आणि स्टिरॉइड मनाने एकाएकी बंद करायचं नाही, हेही त्यांना सांगा.

---

मीनल_ठाणे

भाचीला आज टीबी केंद्रात नेलं. छातीचा एक्स-रे काढला, तिला आजार नाही असं म्हणाले. वजन करून प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या आहेत, पाण्यात विरघळवून द्यायच्या. आजी-आजोबा आणि भावाची बायको, तिघांचीही तपासणी लावली आहे. डॉक्टर, तिचा दीड महिन्याचा डोस राहून गेला होता, तो या गोळ्या चालू असताना चालेल का?

---

बालवैद्य

चालेल. पंचगुणी, पीसीव्ही, पोलिओ, सगळं द्या. गोळ्यांमुळे लस थांबवायची नाही. जवळच्या केंद्रात लसीकरणाचा वार कोणता ते विचारून याच आठवड्यात न्या, पुढचे डोस चार-चार आठवड्यांच्या अंतराने लावून देतील.